रेव्ह. अब्राहाम मॅथ्यूज आणि मोरिया मंदिर

एखाद्या गांवीं नवें देवालय उभारावयाचें ठरलें, म्हणजे प्रथम जागा पाहिली जाते, मग वर्गणी जमविली जाते, मग पाया खणला जातो. आणि देवालय उभें राहिल्यावर त्यांत उपासनेस येणारी मंडळी हळूहळू वाढत जाते. हा सर्वसाधारण क्रम होय. परंतु जगांत कांहीं देवालयें अशींहि आहेत कीं, त्यांची मंडळी आधीं जन्मास आली, तिनें पुष्कळ वर्षें तहान, उपासमार व आपसांतील मतभेद सोसले, आणि सरतेशेवटीं तिच्या डोक्यावर छप्पर आलें. दक्षिण अमेरिकेच्या टोंकाकडे पॅटागोनिया नांवाचा जो ओसाड व वाऱ्यानें झोडपलेला मुलूख आहे, त्यांतून चुबुत नांवाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यांत, त्रेलेऊ शहराजवळ, मोरिया नांवाचें एक लहानसें व साधें मंदिर आहे. तें १८८० सालीं बांधलें गेलें आणि आजहि उभें आहे. तें बांधणारे लोक वेल्स देशांतून हजारों मैलांचा समुद्र ओलांडून तेथें गेले होते. त्यांचे पाळक रेव्हरंड अब्राहाम मॅथ्यूज ह्यांच्या चरित्राची ओळख आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढ्याच हेतूनें हा अल्प लेख लिहिला आहे.

वेल्स हा ग्रेट ब्रिटन बेटाच्या पश्चिमेकडील लहानसा डोंगराळ प्रदेश होय. तेथील लोकांची भाषा इंग्रजीहून अगदीं निराळी व फार प्राचीन आहे. एकोणिसाव्या शतकांत ह्या लोकांवर तीन बाजूंनीं दडपण आलें होतें. जमीन थोड्या मोठ्या जमीनदारांच्या हातीं होती, आणि १८५९ च्या निवडणुकींत जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध वागल्याबद्दल कित्येक कुळांस आपलीं शेतें सोडावीं लागलीं. बहुसंख्य लोक सरकारमान्य धर्मपीठापासून वेगळे होऊन आपापल्या साध्या मंदिरांत उपासना करीत. तरीहि त्या धर्मपीठासाठीं दशमांशाचा कर त्यांस भरावाच लागे. तिसरी गोष्ट भाषेची. १८४७ सालीं शाळांविषयीं एक सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत वेल्श भाषेस अज्ञानाचें व अनीतीचें मूळ ठरविण्यांत आलें होतें. कित्येक शाळांतून मुलानें आपली मातृभाषा उच्चारली, तर त्याच्या गळ्यांत लांकडाची एक फळी अडकविली जाई. ती फळी दिवसभर एका मुलाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाई, आणि शाळा सुटतेवेळीं ज्याच्या गळ्यांत ती सांपडे त्यास छडी खावी लागे. आपल्या आईची बोली बोलल्याबद्दल मार खावयाचा, ही कल्पना आमच्या बालवाचकांनीं क्षणभर मनांत आणून पाहावी.

अशा काळीं, १८३२ सालीं, मॉन्टगोमरी परगण्यांतील लॅनिडलोस ह्या गांवाजवळ अब्राहाम मॅथ्यूज ह्यांचा जन्म झाला. धर्मोपदेशकाचें शिक्षण घेण्यासाठीं ते बाला येथील विद्यालयांत गेले. ह्या विद्यालयाचे प्रमुख मायकेल डॅनियल जोन्स हे असामान्य पुरुष होते. ते तरुणपणीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत राहून आले होते. तेथें गेलेले वेल्श लोक कष्टानें सुखवस्तु होतात, परंतु एकदोन पिढ्यांतच त्यांची मुलें आपली भाषा व आपलीं मंदिरें विसरून जातात, असें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें होतें. म्हणून, जेथें दुसऱ्या कोणाची वस्ती दाट नाहीं अशा दूरच्या भूमींत सर्व वेल्श लोकांनीं एकत्र जाऊन राहावें. तेथील शाळा, बाजार, न्यायसभा व मंदिर ह्या सर्व ठिकाणीं वेल्श भाषा चालावी, असा विचार त्यांच्या मनांत दृढ झाला. गुरूच्या ह्या विचाराचा ठसा ज्या शिष्यांच्या मनावर उमटला, त्यांपैकीं मॅथ्यूज हे एक होते.

शिक्षण संपल्यावर ते दक्षिण वेल्समधील अॅबरडेअर गांवाजवळ लुइडकोइड येथें होरेब मंडळीचे पाळक झाले. हा भाग लोखंडाच्या भट्ट्यांचा व कोळशाच्या खाणींचा. तेथें त्यांचा संसार सुरू झाला. पत्नी ग्वेन्लियन ह्या सुशील व धीराच्या होत्या, आणि एक लहान कन्याहि त्यांस झाली होती. सुखानें आयुष्य घालवावयाचें, तर त्यांस लुइडकोइड सोडण्याचें कांहींएक कारण नव्हतें. परंतु जी गोष्ट आपण लोकांस योग्य म्हणून सांगतों, ती करण्याची वेळ आल्यावर आपण मागें राहावें, हें त्यांच्या मनास पटलें नाहीं.

आर्जेन्टिना देशाच्या सरकारास आपल्या दक्षिणेकडील ओसाड मुलखांत वस्ती व्हावी अशी इच्छा होती. तेथील मंत्री ग्विलेर्मो रॉसन ह्यांच्याशीं बोलणीं होऊन चुबुत नदीचें खोरें वेल्श वसाहतीसाठीं ठरलें. लुई जोन्स व एडविन रॉबर्ट्स हे दोन तरुण तयारीसाठीं पुढें गेले. इकडे मिमोसा नांवाचें चहाची वाहतूक करणारें एक जुनें शिडाचें जहाज भाड्यानें घेण्यांत आलें. त्याच्या खर्चाचा मोठा भार मायकेल जोन्स ह्यांनीं आपल्या पत्नीच्या धनांतून उचलला; आणि ह्याच उदारपणामुळें पुढें त्यांचें दिवाळें निघालें व राहतें घरहि विकावें लागलें. २८ मे १८६५ रोजीं सुमारें दीडशें स्त्रीपुरुष व मुलें घेऊन मिमोसा लिव्हरपूल बंदरांतून निघालें. मॅथ्यूज आपली पत्नी व तान्ही मुलगी ह्यांसह त्या जहाजावर होते. प्रवाशांत खाणींत काम करणारे, सुतार, शिंपी, दुकानदार असे लोक पुष्कळ. परंतु ज्यांनीं आयुष्यांत खरोखर नांगर धरला होता, असे फारच थोडे. जे लोक शेतीसाठीं जात होते, त्यांपैकीं बहुतेकांस शेती ठाऊक नव्हती, हें पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावें.

दोन महिने जहाज समुद्रावर होतें. जहाजावर उपासना होई. एक विवाह लागला, मुलें जन्मास आलीं, आणि कांहीं लहान मुलें मरण पावलीं. त्यांस समुद्राच्या उदरांतच विसावा मिळाला. २८ जुलै १८६५ रोजीं मिमोसा नव्या आखाताच्या किनाऱ्याशीं पोंचलें. आपल्याकडे ज्या दिवसांत पावसानें डोंगर हिरवे होतात, त्या दिवसांत पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागांत ऐन हिवाळा असतो. लोकांनीं मनांत हिरवीं कुरणें रंगविलीं होतीं; डोळ्यांपुढें आली ती पिवळी माती, कांटेरी झुडपें आणि बोंचरा वारा. जवळपास गोडें पाणी नाहीं, झाड नाहीं, मनुष्याचें चिन्ह नाहीं. आधीं आलेल्या दोघांनीं उभारलेल्या थोड्याशा झोंपड्या पुरेशा नव्हत्या. म्हणून किनाऱ्यावरील मऊ खडकांत कोरलेल्या गुहांचा आश्रय कित्येकांनीं घेतला. ह्या गुहा तेथें अजून दाखवितात. ह्या ठिकाणास पुढें पोर्ट मॅड्रिन असें नांव पडलें.

चुबुत नदीचें खोरें येथून सुमारें चाळीस मैल दूर होतें, आणि मधला सर्व प्रदेश निर्जल होता. पुरुष तुकड्यातुकड्यांनीं पायीं निघाले. वाटेंत तहानेनें त्यांचा जीव कासावीस झाला. स्त्रिया व मुलें लहान गलबतांतून समुद्रमार्गें निघालीं. परंतु वादळानें गलबत भरकटलें, आणि अल्प काळाचा तो प्रवास लांबून फार हाल झाले. अखेर सर्वजण नदीकांठीं जमले. १५ सप्टेंबर १८६५ रोजीं तेथें आर्जेन्टिनाचें निशाण उभारण्यांत आलें, आणि मंत्र्यांच्या सन्मानार्थ त्या वस्तीस रॉसन असें नांव देण्यांत आलें.

देवालय नव्हतेंच. तथापि रविवार चुकला नाहीं. धान्यसामान ठेवण्याच्या कोठारांतच मंडळी जमे, आणि गीत, प्रार्थना व उपदेश होई. मॅथ्यूज ह्यांस ठराविक वेतन देण्याची ऐपत कोणांत नव्हती. इतरांप्रमाणें तेहि हातीं कुदळ घेऊन शेतांत राबत, आणि रविवारीं त्याच हातांत पवित्र शास्त्र घेऊन उभे राहत. मेलेल्यांस मूठमाती देणें, विवाह लावणें, मुलांस शिकविणें, भांडणें मिटविणें हीं सर्व कामें त्यांच्याकडे येत. भिंती नसतांना मंडळी कशी टिकते, ह्याचा धडा त्या कोठारांत दररोज गिरविला जात होता.

धान्याची स्थिति मात्र वाईट होती. त्या खोऱ्यांत वर्षांतून अवघा सातआठ इंच पाऊस पडतो. वेल्समध्यें पाऊस हा कधीं नको इतका. त्यामुळें पिकाला पाणी द्यावें लागतें, हा विचारच त्या लोकांच्या मनांत आला नाहीं. त्यांनीं बीं पेरलें आणि आकाशाकडे पाहत बसले. पहिलें पीक वाळून गेलें; दुसऱ्या वर्षींहि तीच गत झाली. आर्जेन्टिना सरकार धान्य व पैसा ह्यांची मदत करी, तिच्यावरच सर्वांचें पोट चालत होतें.

ह्या संकटांत त्यांस मदत मिळाली ती ज्यांची त्यांस सर्वांत अधिक भीति वाटत होती, त्यांच्याकडून. तो मुलूख अगदीं निर्जन नव्हता. तेहुएल्चे नांवाचे उंच, धिप्पाड, शिकारी लोक ऋतूप्रमाणें तेथें फिरत असत; ती भूमि पिढ्यानपिढ्या त्यांची होती. १८६६ च्या वसंतापूर्वींच, एका विवाहाच्या प्रसंगीं, त्यांची पहिली गांठ पडली. प्रथम दोन्ही बाजूंस संशय होता. परंतु वेल्श लोकांनीं शस्त्र उगारलें नाहीं, आणि तेहुएल्चे लोकांनींहि त्यांस त्रास दिला नाहीं. फ्रान्सिस्को नांवाच्या त्यांच्या नायकानें ह्या खाणकऱ्यांस घोडा हांकणें, गुरें सांभाळणें, दोरीला दगड बांधून ते फेंकून ग्वानाको नांवाचें जनावर व शहामृगासारखे पक्षी पकडणें हें सर्व शिकविलें. मांस व कातडीं देऊन ते लोक भाकरी घेत. भाकरीस वेल्श भाषेंत जो शब्द आहे, तो शब्द ते लौकरच शिकले. ह्या शेजाऱ्यांवांचून ती वसाहत उपाशी मेली असती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तथापि १८६७ च्या आरंभीं लोकांचा धीर सुटला. दोन पिकें गेलीं, कपडे फाटले, मुलें आजारी पडलीं. उत्तरेकडे सांता फे नांवाचा सुपीक प्रांत आहे. तेथें आम्हांस जागा द्या, अशी मागणी सरकाराकडे करण्याचें ठरलें. येथें चरित्रनायकाच्या आयुष्यांतील अत्यंत कठीण प्रसंग आला. मॅथ्यूज ह्यांचें मत स्थलांतराच्या बाजूचें होतें. ज्या मंडळीस पाळक ह्या नात्यानें त्यांनीं येथवर साथ दिली, तिच्या लेंकरांस उपाशी मरूं देणें त्यांस पाप वाटत होतें. उलट लुई जोन्स ह्यांचें मत असें कीं, एकदां ही भूमि सोडली, तर आपण इतर लोकांत विरघळून जाऊं, आणि ज्यासाठीं देश सोडला तें कार्यच बुडेल. लुई जोन्स हे पूर्वींच मतभेदामुळें वसाहत सोडून ब्वेनोस आयरेस येथें गेले होते. मंत्री रॉसन ह्यांच्या विनंतीवरून ते आतां लोकांची समजूत घालण्यास परत आले. बहुतेक लोक तर घरें सोडून पुन्हां समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसले होते, आणि जहाजाची वाट पाहत होते.

ह्या वादांत कोणाचें बरोबर होतें? एकाच्या बाजूस मुलांची भूक होती, दुसऱ्याच्या बाजूस ज्या हेतूनें घर सोडलें तो हेतु होता. दोघेहि प्रामाणिक होते. पुष्कळ वादविवाद होऊन शेवटीं बहुमतानें ठरलें कीं, आणखी एक वर्ष येथेंच राहून पाहावें. कांहीं कुटुंबें ह्यापूर्वीं व ह्यानंतर निघून गेलीं. बाकीचीं चाळीस मैलांची तीच कोरडी वाट तुडवीत नदीकांठीं परतलीं. मॅथ्यूज त्यांच्याबरोबर परतले. आपलें मत पडलें म्हणून ते रुसले नाहींत, आणि स्वतःसाठीं दुसरी सोपी वाटहि त्यांनीं शोधिली नाहीं. मंडळी जेथें, पाळक तेथें, एवढीच त्यांची समजूत. आमच्या मतें त्यांच्या सर्व आयुष्यांतील थोर कृति हीच होय. कारण स्वतःच्या मताप्रमाणें घडत असतां सेवा करणें सोपें असतें, परंतु मताविरुद्ध घडलें असतांहि त्याच लोकांत राहून मनापासून सेवा करणें हें फार थोड्यांस साधतें.

त्या एका वर्षानें सर्व पालटलें. १८६७ च्या नोव्हेंबर महिन्यांत अॅरन जेन्किन्स नांवाच्या शेतकऱ्याच्या शेतांत गहूं उगवून कोमेजूं लागला होता. नदी शेजारूनच भरून वाहत होती. त्याची पत्नी रेचल हिच्या ध्यानांत आलें कीं, नदीचें पात्र जमिनीच्या जवळजवळ बरोबरीस आलें आहे. थोडा चर खणला, तर पाणी आपण होऊन शेतांत येईल. नवराबायकोंनीं चर खणला. पाणी शेतांत पसरलें, आणि थोड्याच दिवसांत गहूं हिरवागार झाला. ज्यांच्या घरीं मोट किंवा पाट आहे, त्या आमच्या वाचकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं; परंतु त्या लोकांस ही गोष्ट साक्षात् ईश्वरी साहाय्याप्रमाणें वाटली. पाहतां पाहतां जो तो पाट खणूं लागला. दोन वर्षें आकाशाकडे पाहून जें मिळालें नाहीं, तें पायाशींच वाहत होतें.

संकटें मात्र संपलीं नाहींत. वसाहतीचें एकमेव लहान गलबत १८६८ मध्यें समुद्रांत बुडालें व त्यावरील सहा माणसें गेलीं. एका वर्षीं कापून ठेवलेल्या गव्हाच्या पेंढ्या पुरानें वाहून नेल्या. पुढें तर बाहेरच्या जगाशीं संबंधच तुटला. १८७१ सालीं ब्रिटिश आरमाराचें क्रॅकर हें जहाज चौकशीसाठीं येईपर्यंत कित्येक महिने एकहि जहाज तेथें आलें नव्हतें. चहा, साखर, साबण, कापड सर्व संपलें होतें. बरोबर आलेले इतर उपदेशक निघून गेले असल्यामुळें ह्या काळांत मंडळीचा सर्व भार एकट्या मॅथ्यूज ह्यांच्यावर होता. तरीहि उपासना व शब्बाथशाळा चालूच राहिल्या. ज्या भाषेसाठीं वेल्समध्यें मुलांनीं मार खाल्ला, त्याच भाषेंत येथें मुलें निर्भयपणें वाचूं लिहूं लागलीं.

वसाहत टिकावयाची, तर नवीं माणसें पाहिजेत, हें सर्वांस कळून चुकलें होतें. म्हणून १८७३ सालीं मॅथ्यूज वेल्सला गेले. ह्या प्रवासाचें मर्म वाचकांनीं लक्षांत घ्यावें. सहा वर्षांपूर्वीं ज्या मनुष्यानें ही जागा सोडावी असें म्हटलें होतें, तोच आतां गांवोगांव जाऊन, ही जागा पाहावयास चला, असें सांगत होता. आपली चूक झाली होती, हें कृतीनें कबूल करण्यास मोठें मन लागतें. १८७४ सालीं ते नव्या कुटुंबांची एक तुकडी घेऊन परत आले. त्याच वर्षीं अमेरिकेंतूनहि कांहीं वेल्श लोक आले, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत लोकसंख्या अनेक पटींनीं वाढली. नवे उपदेशकहि आले. एकट्यानें ओढलेला गाडा आतां अनेकांच्या हातीं आला.

आतां शेतें नदीच्या दोन्ही कांठांनीं मैलोगणती पसरलीं. लोकांनीं एकत्र येऊन मोठमोठे कालवे खणले. पाण्याची वांटणी सर्वांच्या संमतीनें होऊं लागली. १८८५ सालीं शेतकऱ्यांनीं आपली सहकारी व्यापारी संस्था स्थापिली. चुबुतच्या गव्हाची कीर्ति परदेशच्या प्रदर्शनांपर्यंत गेली. मॅड्रिन बंदरापासून खोऱ्यापर्यंत आगगाडी झाली, आणि तिच्या शेवटच्या ठिकाणीं जें गांव वसलें, त्यास लुई जोन्स ह्यांच्या नांवावरून त्रेलेऊ म्हणजे लुईचें गांव असें नांव मिळालें. जी वाट पुरुषांनीं तहानेनें व्याकुळ होऊन तुडविली होती, ती आतां आगगाडींत बसून मुलें हंसतखेळत पार करूं लागलीं.

ह्या सुस्थितीच्या आरंभीं, १८८० सालीं, मोरिया मंदिर उभें राहिलें. मिमोसा किनाऱ्यास लागल्यापासून पंधरा वर्षें झालीं होतीं. मोरिया हें पवित्र शास्त्रांतील त्या डोंगराचें नांव आहे, ज्यावर प्राचीन अब्राहाम आपला पुत्र देवास अर्पण करण्यास सिद्ध होऊन गेला होता. ह्या मंदिराच्या पाळकाचेंहि नांव अब्राहामच होतें, आणि तोहि आपली तान्ही मुलगी कडेवर घेऊन अज्ञात देशास निघाला होता. हा योग मंडळीच्या ध्यानांत आल्यावांचून राहिला नसेल. खोऱ्यांत पुढें तीसहून अधिक मंदिरें झालीं. तीं केवळ उपासनेचीं स्थानें नव्हतीं. शाळा, सभा, गायनाच्या चढाओढी व कवींचे मेळावे हीं सर्व तेथें होत. मंदिर हेंच गांवाचें अंतःकरण होतें.

येथें एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. ती वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या वर्षांत हीं मंदिरें उभीं राहत होतीं, त्याच वर्षांत आर्जेन्टिना सरकारच्या फौजा दक्षिणेकडे सरकत होत्या, आणि मूळ रहिवाशांस ठार मारून किंवा कैद करून त्यांच्या भूमींतून हुसकावीत होत्या. १८८३ सालीं वेल्श लोकांनीं ह्या आपल्या शेजाऱ्यांसाठीं सरकाराकडे दयेचा अर्ज केला. परंतु त्याचा उपयोग झाला नाहीं. पुढल्या वर्षीं, ह्या धुमाळीच्या दिवसांत, तीन वेल्श प्रवासीहि मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेले. स्वतःची भाषा व भूमि वांचविण्यासाठीं जे लोक इतक्या दूर गेले, त्यांच्याच डोळ्यांदेखत दुसऱ्या एका लोकांची भाषा व भूमि नष्ट होत गेली. एकास मिळालेल्या आश्रयाची किंमत कधीं कधीं दुसरा देत असतो. ह्या विचारानें आपण नम्र व्हावें.

उतारवयांत मॅथ्यूज ह्यांनीं पॅटागोनियांतील वेल्श वसाहतीचा इतिहास आपल्या मातृभाषेंत लिहिला. तो १८९४ सालीं अॅबरडेअर येथें प्रसिद्ध झाला. ज्या गांवाजवळची आपली मंडळी सोडून ते तीस वर्षांपूर्वीं निघाले होते, तेथेंच त्या प्रवासाची हकीकत छापली गेली. ज्यानें उपासमार स्वतः सोसली आणि पाट खणतांना ज्याच्या हातांस घट्टे पडले, त्याच्या लेखणींतून उतरलेला हा ग्रंथ अभ्यासकांस अजूनहि उपयोगी पडतो.

१८९९ च्या एप्रिल महिन्यांत त्यांचें देहावसान झालें, आणि मोरिया मंदिराच्या आवारांतच त्यांस मूठमाती देण्यांत आली. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, जुलै महिन्यांत, चुबुत नदीस भयंकर पूर आला. जी नदी अन्न देत होती, तिनेंच सर्व खोरें बुडविलें. घरें पडलीं, कालवे फुटले, कित्येक मंदिरें जमीनदोस्त झालीं. लोक उंच टेंकड्यांवर तंबू ठोकून राहिले. खचलेल्या लोकांपैकीं दोनशेंहून अधिक माणसें १९०२ सालीं कॅनडास निघून गेलीं. उरलेल्यांनीं पुन्हां कुदळी हातीं घेतल्या, पुन्हां कालवे खणले, पुन्हां भिंती उभारल्या. मोरिया मंदिर त्या पुरांतून वांचलें.

त्याच आवारांत आणखी एक थडगें आहे. तें लुई जोन्स ह्यांचें. ते १९०४ सालीं वारले. १८६७ मध्यें समुद्रकिनाऱ्यावर जे दोघे एकमेकांच्या विरुद्ध उभे होते, एक जाऊं म्हणणारा व एक राहूं म्हणणारा, ते दोघेहि आज एकाच मंदिराच्या सावलींत विसावले आहेत. एकाच्या निश्चयामुळें वसाहत तेथें राहिली; दुसऱ्यानें आपला पराभव पत्करून ती मंडळी एकत्र राखिली. ह्या दोहोंपैकीं एकहि नसता, तर मोरिया मंदिर उभें राहिलें नसतें.

त्या खोऱ्यांत आतां स्पॅनिश भाषा सर्वत्र चालते. तथापि वेल्श भाषा अजून लुप्त झालेली नाहीं. कांहीं शाळांतून ती शिकविली जाते, आणि दरवर्षीं २८ जुलै रोजीं मंदिरांतून चहाचा समारंभ होऊन मिमोसाच्या आगमनाचें स्मरण केलें जातें.

विद्यार्थी मित्रहो, शाळेंत, खेळांत, मंडळींत किंवा पुढें संसारांत तुम्हांवर असा प्रसंग खचित येईल कीं, तुमचें मत पडेल आणि दुसऱ्याचें चालेल. त्या वेळीं रागानें निघून जाणें सोपें वाटेल. तेव्हां किनाऱ्यावरून पुन्हां नदीकडे वळलेल्या ह्या पाळकाची आठवण ठेवा. चाळीस मैलांची ती कोरडी वाट तो खालीं मान घालून चालला. आणि त्या वाटेच्या शेवटीं, तेरा वर्षांनंतर, मोरिया मंदिर उभें राहिलें.